घोड्यावर एकच नवरदेव

बाबांच्या बोक्याला माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी कळायचं. हे मी विनयाने म्हणत नाही. त्या बोक्याने माझ्या वाटणीच्या भाकऱ्या खाल्लेल्या आहेत, आणि ज्याची भाकरी जाते त्याला विनय परवडत नाही.

रीत अशी होती. संध्याकाळी बाबा, म्हणजे माझे म्हातारे घरमालक, चुलीपुढे बसत. टोपल्यात भाकरी, कढईत पिठलं, एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला बोका. जेवायचं तर इंग्रजीत मागायचं. वाक्य ठरलेलं : "गिव्ह मी दॅट भाकरी." शब्द चारच, पण जोर कुठल्या शब्दावर पडतो ते बघून बाबा वाढायचे. 'मी'वर पडला तर भाकरी मला, बोक्याला नाही. 'दॅट'वर पडला तर मी बोट दाखवीन ती, म्हणजे वरची करपलेली सोडून खालची मऊ. 'भाकरी'वर पडला तर नुसती भाकरी, पिठलं नाही. आणि चारही शब्दांवर सारखाच पडला तर बाबा माझ्याकडे फार दुःखाने बघत आणि तुकडा मोडून बोक्यापुढे टाकत.

"पण त्यानं कुठं मागितली?" मी एकदा कळवळून म्हणालो.

"मागतंय की. ऐक."

बोका म्यांव म्हणाला.

"बघ. खाली सुरू केलं, वर चढिवलं, मधी जोर दिला आन् सोडून दिलं. तुज्यापरास लई बरं मागतंय त्ये."

मी कोकणातला, भातावर आणि माशांवर वाढलेला. भाकरी चावता यायच्या आधी मला ती इंग्रजीत मागता यावी लागली. जगात असा अभ्यासक्रम दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आला असेल असं वाटत नाही.

हे सगळं दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, नगरला. आमचं गाव वेंगुर्ल्याकडे. वडील गेले तेव्हा मी इंग्रजी चौथीत होतो. शाळा तिथेच सुटली. आगबोटीने मुंबई, मुंबईहून दौंड, दौंडला गाडी बदलून नगर, असा मी एक वळकटी आणि एक भीती घेऊन उतरलो. वळकटी वाटेत एकदा हरवली होती. गावच्या एका गृहस्थांनी कुठेतरी शब्द टाकला आणि टेलिफोन ऑफिसात मला उमेदवारीवर घेतलं. लढाईमुळे माणसं मिळेनात, म्हणून मी मिळालो.

काम सोपं होतं. समोर लाकडी बोर्ड. कोणी फोन उचलला की त्याच्या नंबराची छोटी झडप खाली पडायची. आपण दोरीचं टोक त्या भोकात खुपसायचं, "नंबर प्लीज" म्हणायचं, आणि साहेब सांगेल त्या नंबराच्या भोकात दुसरं टोक खुपसायचं. हाताचं काम मला दोन दिवसांत आलं. तोंडाचं येईना. नंबर बहुतेक छावणीतल्या बंगल्यांचे, म्हणजे पलीकडून बोलणारा गोरा, आणि त्याला माझा चेहरा दिसत नसल्यामुळे माझ्या गरिबीची दया येण्याचा मार्गच बंद. सगळी भिस्त आवाजावर.

आणि आवाजाची गत अशी, की आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी पाढ्यांच्या चालीवर शिकवत. सगळा वर्ग एका दमात म्हणायचा. त्यामुळे नंबर ऐकू आला नाही की विचारायचं "व्हॉट नंबर डू यू वॉन्ट" हे माझ्या तोंडून "बे पंचे दहा"सारखं निघायचं, सगळे शब्द एका उंचीचे आणि शेवटी हातोडा. ऐकणाऱ्याला वाटायचं, तुरुंगाचा जमादार हजेरी घेतोय.

आमच्या वरच्या बाई अँग्लो-इंडियन होत्या. त्यांना सगळे मिस म्हणत. एका सकाळी त्यांनी मला बोलावलं.

"मेजर साहब कंप्लेंट किया. बोलता है, तुम उसको हुकूम देता है."

"नो मिस," मी म्हणालो, आणि तेही अशा दणक्यात की मिस खुर्चीत मागे सरकल्या.

"यही! यही तो! देखो, उमेदवारी खतम होने के पहले पूना से बड़ा साहब आएगा. खुद फोन उठाके सुनेगा. ऐसा बोला तो घर जाना."

घरी आई आणि दोन लहान बहिणी होत्या, आणि त्या तिघी माझ्या मनीऑर्डरीकडे डोळे लावून होत्या. मी घरी जाणं म्हणजे खाणारं एक तोंड वाढणं आणि खायला घालणारं एक कमी होणं. मला त्या दिवसापासून झोपेतही झडपा पडताना ऐकू यायला लागल्या.

बाबांकडे मी खोली घेऊन राहत होतोच. ख्रिस्ती आळीत त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. एक खोली त्यांची आणि बोक्याची, एक माझी. आईने पत्रातून विचारलं होतं की, घरमालक कोण? मी उत्तर धाडलं, देवमाणूस. हे दोन्ही अंगांनी खरं होतं.

बाबा मूळचे नेवाशाकडचे. तरुणपणी एका गोऱ्या मिशनरी बाईंकडे दुभाषी म्हणून लागले आणि तिथेच म्हातारे झाले. मड्डम गावोगाव हिंडून इंग्रजीत उपदेश करायच्या आणि बाबा बाजूला उभे राहून तो मराठीत सांगायचे. मड्डम त्यांच्या देशी निघून गेल्या, पण बाबांचं दुभाषेपण कुठे जाणार? सगळी आळी त्यांना दुभाषीबाबा म्हणायची. त्यांना कोणाच्या शेजारून चालताच येत नसे. दुभाष्याची जागा डावीकडे, एक पाऊल मागे. बाजारात मी त्यांच्यासाठी थांबलो तर तेही थांबत. मी मुद्दाम मागे राहिलो तर तेही मागे राहत. एकदा असं करत करत आम्ही दोघं उलटे चालत पार भाजीवाल्याच्या पाटीत गेलो.

दुसरं म्हणजे, दोन माणसं बोलायला लागली की बाबा मधे उभे राहून भाषांतर करू लागत. दोन्हीकडची मराठी असली तरी. आणि गंमत अशी की स्वतः बोलताना 'हाय-न्हाई' करणारे बाबा दुभाषी झाले की एकदम छापील मराठी बोलत.

शेजारच्या राहेलमावशींनी एकदा कुंभारणीला दारात धरलं.

"अगं ए भवाने! गळकं मडकं गळ्यात मारतीस व्हय? डोळं फुटल्यात का तुजं?"

बाबा डाव्या अंगाला येऊन उभे. "बाई असे म्हणतात की, या पात्रातून किंचित पाणी झिरपते. आपण कृपा करून पुन्हा पाहावे."

कुंभारीण कमरेला पदर खोचून म्हणाली, "न्ह्यायचं तर न्हे, न्हाईतर घाल चुलीत!"

"त्या असे म्हणतात की, निर्णय सर्वस्वी आपला आहे."

दोघी एकदम बाबांकडे वळल्या. "बाबा, तुमी गप बसा वो!"

"दोघीही असे म्हणतात की..." बाबांनी सुरुवात केली आणि मग त्यांच्या लक्षात आलं. कुंभारीण तोंडाला पदर लावून हसत सुटली. मडकं बदलून मिळालं. राहेलमावशी मात्र पुढे कित्येक दिवस मला बघून म्हणायच्या, "काय रं कोकण्या, आज काय पात्रातून झिरपतंय?"

मिसनी दम दिला त्या संध्याकाळी मी न जेवता भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. बाबा दारात आले. काय झालं ते ऐकून म्हणाले, "सायबाला इचारतूस त्ये वाक्य म्हन बरं."

मी म्हटलं. बोका उठून बाहेर गेला.

बाबांनी डोळे मिटले. "तू कंदी वरात बघितलीस?"

"बघितलीय की."

"घोड्यावर किती जनं बसत्यात?"

"एक. नवरदेव."

"आन् बाकीची?"

"चालत."

"चालत न्हाई, पळत. घोडा पुढं निघाला की ती धोतरं सावरीत पळत्यात. इंग्रजी म्हंजी वरात हाय. वाक्यात एकच नवरदेव. त्येला घोड्यावर बशिवायचा, उंच, निवांत. बाकीच्यांनी त्येच्यामागं पळायचं, तोंडातल्या तोंडात. तू काय केलंस? समदी वरात घोड्यावर बशिवली. व्हॉट बी घोड्यावर, नंबर बी घोड्यावर, डू बी घोड्यावर. आता नवरा कंचा ह्ये सायबानं वळखायचं कसं? त्यो चिडंल न्हाई तर काय करंल?"

मला पटलं. इतकं पटलं की रात्रभर मी माझ्या वाक्यातले घोडे काढून घेत होतो.

दुसऱ्या दिवसापासून भाकरीची शिकवणी सुरू झाली, ती वर सांगितलीच. सकाळी विहिरीवर आवाजाची चढउतार. बाबा शब्द सोडून नुसती चाल गुणगुणायचे, आणि मी ती पोहरा ओढता ओढता म्हणायची. प्रश्न असेल तर पोहरा वर, सांगणं असेल तर पोहरा खाली. विहिरीवर आलेल्या बायकांचा समज झाला की कोकणात पाणी ओढायची अशी काही पद्धत असावी. दोघीतिघी मलाच विचारत, "आमच्या पोराला बी शिकीव की रं." मी कितीही नको म्हटलं तरी माझ्या 'नाही'चा शेवट आता वर चढायचा, आणि त्यांना वाटायचं मी विचारतोय.

महिन्याभरात मला भाकरी मिळू लागली, करपलेली नव्हे, खालची मऊ. बोका बारीक झाला. मी आत्मविश्वासाने बोर्डावर बसलो.

आता इथे एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती, पण माझं ध्यान सगळं भाकरीत. बाबांनी इंग्रजी ऐकलं होतं ते फक्त मड्डमच्या तोंडून, आणि मड्डमच्या तोंडून ऐकलं होतं ते फक्त उपदेशात. त्यामुळे बाबांचं वाक्य दरीत सुरू व्हायचं, हळूहळू डोंगर चढायचं, नवरदेवापाशी थांबून आकाशाकडे बघायचं, आणि मग थरथरत, क्षमा करत खाली उतरायचं. मी ते जसंच्या तसं उचललं.

पहिला फोन आला. "नंऽऽबर... प्लीज," मी म्हणालो. पलीकडचे साहेब अगदी हळू आवाजात नंबर बोलले. तो नंबर गुंतलेला होता. मी दरीत उतरलो आणि चढू लागलो : "आय ॲम सॉऽऽरी, सर. द लाइन... इज एन्गेऽऽज्ड."

"आमेन," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी एका मेमसाहेबांनी घाबरून विचारलं की, कोणी वारलं आहे का? संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या मेसमध्ये पोचली. मग काय, रिकामटेकडे तरुण अंमलदार मुद्दाम गुंतलेले नंबर मागायला लागले. मी "सॉरी" म्हटलं की पलीकडे पाच-सहा जण एकदम हसायचे. एकाने तर मला त्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगितली. मला वाटलं, खरंच अडचणीत असेल. मी केली.

मिसनी कपाळाला हात लावला. "पहले जेलर था, अब पादरी हो गया! ये एक्सचेंज है, चर्च नहीं है. बड़ा साहब अगले हफ्ते आता है. मैं क्या बोलेगी उसको?"

मी घरी गेलो. बाबांना कसं सांगायचं? ज्या माणसाने स्वतःच्या बोक्याला उपाशी ठेवून मला शिकवलं, त्याला तुमचं इंग्रजी चुकीचं आहे म्हणायचं? मी आडून आडून सांगायला गेलो, पण माझा आवाज आता कुठलीच गोष्ट आडून सांगू देईना. सगळं डोंगरावर चढून सांगितलं गेलं.

बाबा रागावले नाहीत. बराच वेळ काटक्या मोडत बसले. मग म्हणाले, "सायबलोक कसं बोलत्यात त्ये मला ऐकीव."

"ते कसं ऐकवणार? दुसऱ्याचं बोलणं ऐकायची सक्त मनाई आहे. लढाई चालू आहे, बाबा."

"मंग तुज्या मिसला इचार."

मी विचारलं नसतं. बाबा स्वतःच काळा कोट घालून, छत्री घेऊन टेलिफोन ऑफिसात हजर झाले आणि मिसच्या टेबलाच्या डावीकडे एक पाऊल मागे उभे राहिले. मी लाजेने बोर्डाच्या भोकांत शिरायचा राहिलो. मिसनी त्यांना खालून वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कोण जाणे काय, त्यांना हसू आलं.

"साहब लोग का बात सुनना मना है," त्या म्हणाल्या. "मेरा बात सुनो."

मिसची एक मैत्रीण पुण्याच्या ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन जोडायला होती. भर दुपारी, कामं थंडावली की दोघी दोन मिनिटं लाइन चालू आहे की नाही ते तपासायच्या. म्हणजे गप्पा मारायच्या. शिकाऊ माणसाला ऐकायला बोर्डाला एक जादा, कानाला लावायची पट्टी असायची. ती मी बाबांच्या डोक्यावर चढवली. मिस बोलायला लागल्या.

बाबा ऐकू लागले, आणि सवयीने, खोलीतल्या सगळ्यांसाठी, खणखणीत छापील मराठीत बोलूही लागले.

"बाई असे म्हणतात की, नाचताना त्यांचे तांबडे जोडे पायाला लागले. पुण्याच्या बाई असे म्हणतात की, आम्ही तेव्हाच सांगितले होते. बाई असे म्हणतात की, तू गप्प बैस. पुण्याच्या बाई असे म्हणतात की..." आणि इथे बाबा थांबले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. नुसते ऐकत राहिले. तोंड किंचित उघडं. मिसचा आवाज चिमणीसारखा टुणटुण उड्या मारत होता. एक शब्द पटकन उचलला, बाकीचे पळाले. कुठे डोंगर नाही, कुठे दरी नाही. पाप नाही, पश्चात्ताप नाही. जोडे पायाला लागतात, एवढंच.

पुण्याच्या बाईंना मराठी आवाज ऐकू गेला असावा. त्यांनी विचारलं, कोण आहे तिथे? मिसनी हसत बोलायची नळी बाबांच्या तोंडापुढे धरली. पलीकडून आवाज आला, तो मलाही अर्धामुर्धा ऐकू आला : "अँड हाउ आर यू?"

बाबा माझ्याकडे वळले. "त्या असे विचारतात की, आपण कसे आहात?"

आणि माझ्या उत्तराची वाट बघत उभे राहिले, भाषांतर करायला.

"बाबा, मला नाही विचारत," मी म्हणालो. "तुम्हाला."

"मला?"

"तुम्हालाच."

बाबांनी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं, कॅलेंडर होतं. पलीकडून पुन्हा तोच प्रश्न आला. हजारो माणसांपुढे बोललेला तो माणूस, पण त्यातलं एकही वाक्य त्याचं स्वतःचं नव्हतं.

"आय..." ते म्हणाले. खूप वेळ नुसतं तेवढंच. "आय ॲम वेल." घाबरल्यामुळे उपदेशाची चाल लागलीच नाही, वाक्य सपाट जमिनीवरून गेलं. आणि मग, जणू कोणी ढकलल्यासारखं, "हाउ आर यू?"

जोर शेवटच्या 'यू'वर. पुण्याच्या बाईंनी तो 'आर'वर दिला होता. बाबांनी तो तिथून काढून त्यांच्याकडे वळवला, कारण आता विचारायची पाळी बाबांची होती. हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं, भाकरीतही हे नव्हतं. मिस माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सुना? ऐसा!"

परत येताना मी पुढे, बाबा मागे. मागून आवाज आला.

"मड्डम माज्याशी मराठीत बोलायची. 'चल.' 'थांब.' 'छत्री.' इंग्रजी लोकांशी बोलायची. मी नुसता मधी हुतो."

मी पावलं हळू केली, तशी मागचीही हळू झाली.

"कंदी 'हाउ आर यू' म्हनली न्हाई. आता वाईट हुती असं बी न्हाई. लई चांगली बाई. तिच्या ध्यानात आलं नसंल." थोड्या वेळाने पुन्हा, "मला वाटायचं, इंग्रजी म्हंजी तेवढंच असतंय."

अशा वेळी माणसाने काहीतरी बोलावं. मी विचारलं, "बाबा, मग माझ्या परीक्षेचं काय?" माझ्या मनाचा मोठेपणा हा असा.

त्या दिवसापासून शिकवणी बंद. "मी तुला परार्थना शिकिवली," बाबा म्हणाले. "बोलनं मलाच येत न्हाई, तर तुला काय शिकवू?" भाकरी न मागता मिळायला लागली. ती माझ्या घशाखाली उतरेना. जमादाराचा आवाज गेला होता, पाद्र्याचा चालत नव्हता, आणि तिसरा माझ्याजवळ नव्हता. मी दौंडच्या गाडीची आणि पुढच्या आगबोटीची चौकशी करून ठेवली.

साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी मी ताट पुढे ओढून बसलो आणि सहज म्हणालो, "बाबा, भूक लागलीय हो."

बाबा वाढता वाढता थांबले. "जोर कशावर दिलास?"

"भुकेवर."

"कुनी शिकिवलं?"

"कोणी नाही. लागलीय म्हणून."

"मंग उद्या तसंच कर," ते म्हणाले आणि वाढू लागले. एवढंच. मला त्यातलं काही कळलं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी माणसाला नियम हवे असतात.

पुण्याचे साहेब आले. जाडजूड, घामाघूम, शेजारच्या खोलीत जाऊन बसले. दार लावून घेतलं. माझ्यासमोर त्यांच्या नंबराची झडप पडली. ती झडप पुढे कित्येक वर्षं माझ्या स्वप्नात पडत राहिली.

"नंबर प्लीज."

साहेबांनी पुण्याचा एक नंबर मागितला. मी ट्रंक लाइन बघितली, गुंतलेली. घशात डोंगर उभा राहायला लागला. तेवढ्यात साहेब स्वतःशीच पुटपुटल्यासारखे बोलले, की घरी मूल तापाने पडलंय आणि सकाळपासून लाइन मिळत नाही. परीक्षा घ्यायच्या आवाजात नव्हे, थकलेल्या माणसाच्या.

माझ्या धाकट्या बहिणीचा हिवताप माझ्या डोळ्यांपुढे आला. "आय विल ट्राय अगेन, सर," मी म्हणालो, आणि लगेच लाइन धरायला लागलो. जोर कुठे दिला? 'अगेन'वर असावा. बघायला वेळ नव्हता. लाइन सुटली तशी मी ती झडप घातल्यासारखी धरली. पलीकडे पुण्याच्या बाई.

मी नंबर सांगितला. त्यांनी जोडायला घेतला, आणि माझा आवाज ओळखून म्हणाल्या, "ओ, इट्स यू! हाउज द ओल्ड जंटलमन?"

"ही इज व्हेरी वेल," मी म्हणालो. "ही आस्क्स अबाउट युवर शूज."

बाई खळखळून हसल्या. "दे वर नॉट माय शूज, दे वर हर शूज!" आणि नंबर जोडला.

मग माझ्या लक्षात आलं की साहेब सगळं ऐकत होते. ऑपरेटरने लाइनवर गप्पा मारायच्या नाहीत हा पहिला नियम. भिंतीवर लावलेला होता. मी त्याच्याखालीच बसलो होतो.

साहेब घरी बोलले. मूल बरं असावं, कारण खोलीतून हसण्याचा आवाज आला. मग मिसना आत बोलावलं. मी दोऱ्या गुंडाळायला लागलो, आपली वस्तू नसतानाही. मिस बाहेर आल्या त्या तोंडावर रुमाल धरून. मला वाटलं, रडतात.

"साहब बोला, जोडे का बात बंद," त्या म्हणाल्या. "एकदम बंद. और बोला, आदमी को रखो."

मी 'थँक्यू' म्हणालो. ते कुठल्या चालीवर म्हणालो ते मला आठवत नाही. त्यानंतर मी त्या बोर्डावर आणि मग मोठमोठ्या बोर्डांवर नोकरीचा सगळा जन्म काढला. बहिणींची लग्नं झाली, आईला डोळ्यांचं औषध झालं. हे सगळं ज्याच्या चुलीपुढे मिळालं त्याचे आभार मानायला मला कुठल्याच भाषेत नीट जमलं नाही. जमलं तेवढं त्याच दिवशी केलं, ते असं.

मी धावत घरी गेलो. बाबा अंगणात बाजेवर बसले होते. नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं. त्यांनी डोळे पुसले, आत जाऊन गूळ आणला, माझ्या हातावर ठेवला.

"पुण्याच्या बाईंनी तुमची विचारपूस केली," मी म्हणालो.

"माजी? काय म्हनली?"

मी सांगितलं, जसं म्हणाल्या तसं. बाबांनी ते दोनदा म्हणायला लावलं. मी आत जाणार होतो. सदरा घामाने भिजला होता, पाय दुखत होते. पण मी गेलो नाही. बाजेवर त्यांच्या शेजारी टेकलो आणि इंग्रजीत विचारलं की, तुमचा गुडघा आज कसा आहे?

बाबा दचकले. इकडेतिकडे बघितलं. मग अडखळत म्हणाले, गुडघा वाईट आहे. कालच्यापेक्षा वाईट. तुझा सदरा का ओला आहे? मी म्हणालो, भीतीने. ते म्हणाले, कोणाच्या? मी म्हणालो, साहेबांच्या, पण ते चांगले निघाले. बाबा म्हणाले, गूळ खा. असं आम्ही पुष्कळ वेळ बोललो. व्याकरणाची हाडं मोडत, शब्द शोधत, मधेच हसत. त्यात एकही वाक्य कोणाच्या उपयोगाचं नव्हतं.

भिंतीपलीकडून राहेलमावशींचं डोकं वर आलं. "काय वो बाबा? आज कसलं भाषन चाललंय म्हनायचं?"

"भाषन न्हाई, बाई," बाबा म्हणाले. "बोलतूय आमी."